कपाळावरून मेंदूच्या तळापर्यंत

ऑक्टोबर १७९४च्या अंकात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने एका मराठी गाडीवानाचं चित्र छापलं. नाक ठसठशीत, आणि वर कपाळावर कातडी उचलल्याचा वण. सोबत लहान आकृत्या होत्या आणि 'बी. एल.' अशा आद्याक्षरांनी सही केलेलं एक पत्र होतं. मेणाचा पत्रा कसा घडवायचा, तो कपाळावर कुठे ठेवायचा, कातडी कुठून फिरवायची, सगळं त्यात नीट सांगितलं होतं. त्या काळच्या लंडनमध्ये नाक गमावलेल्या माणसांची वाण नव्हती. उपदंशाने नाकं जात, लढायांत जात. पण गेलेलं नाक पुन्हा उभं करण्याची कला युरोप जवळजवळ विसरला होता. पुण्याजवळ मात्र ते करणारा माणूस होता, आणि तो वैद्य नव्हता. पत्रात त्याची ओळख विटा पाडणाऱ्या जातीचा एवढीच आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने कुंभार.

आज पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीची किंवा कवटीच्या तळाशी वाढलेली गाठ नाकावाटे दुर्बिणीने काढली जाते आणि मेंदूखाली पडलेलं भगदाड बंद केलं जातं. त्या कामाचा आणि या कुंभाराचा संबंध आहे, असं म्हटलं तर ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. संबंध आहे, पण अभिमानाच्या भाषणांत सांगतात तसा नाही.

गाडीवानाचं नाव पत्रात कावसजी असं छापलंय आणि जात शेतकऱ्याची. म्हणजे बहुधा कुणबी. नावही मुळात कावजी असेल. तिसऱ्या म्हैसूर युद्धात पेशवे, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी असे तिघे टिपूविरुद्ध एकत्र आले होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा दक्षिणेत होत्या. कावसजी बैल हाकत होता ते इंग्रजांच्या सैन्याचे. त्या काळी सैन्य पोटावर चालतं म्हणतात, पण पोटाचं सामान बैलांवर चालत असे. धान्य, दारूगोळा, तंबू, तोफा, सगळी भिस्त बैलांवर. शत्रूची रसद तोडायची तर आधी बैलवाले धरायचे. कावसजी टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनीने त्याला पेन्शन बांधून दिलं. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला आणि मग पुण्याजवळच्या त्या माणसाकडे गेला.

कृती अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आधी नाकाचा घाट साधायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ ओढायची आणि मेण बाजूला टाकायचं. रेघेच्या आतली कातडी सोलून उचलायची; मात्र दोन भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी कापायची नाही, राखायची. खुंटाची वण धरलेली कड तासून ताजी करायची, भोवती चीर द्यायची. कपाळाची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. टाक्यांचा उल्लेख नाही. कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना फासायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. विड्याला लागतो तोच हा कात. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रोग्याने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ चिंध्यांचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला ती राखलेली पट्टी कापायची.

हे सगळं भूल न देता. क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नासेक वर्षं होती.

मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिल्याचं पत्रात आहे. चित्र काढणारा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रं रंगवणारा तोच. कावसजीचं चित्र त्याने जानेवारी १७९४मध्ये काढलं, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. म्हणजे नाक बसलं ते १७९३च्या मार्चच्या आसपास. रोग्याचं नाव नोंदलं गेलं, पाहणाऱ्यांची नोंदली गेली, चित्रकाराचं तर इतिहासात गेलं. ज्याने वस्तरा चालवला त्याची फक्त जात लिहून ठेवली. पेशवाईत कागदांची कमी नव्हती, दाण्यागोट्याचा हिशेब दप्तरांत सापडतो. पण या कारागिराचं नाव ना इंग्रजांना विचारावंसं वाटलं, ना आपल्याकडच्या कुणाला.

या साऱ्या कृतीतलं मर्म मेणात नाही, कातातही नाही. ते भुवयांमधल्या त्या पट्टीत आहे. कातडीचा तुकडा पूर्ण कापून दुसरीकडे लावला तर त्याला तिथलं रक्त मिळेपर्यंत तो जगेलच याची खात्री नाही. तुकडा जाड असेल तर बहुधा मरतो. पण एक देठ राखला, तर त्या देठातून रक्त येत राहतं. दरम्यान नव्या जागेशी सांधा जुळतो आणि नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात. मग देठाची गरज उरत नाही. जुन्या आणि नव्या भागाचा सांधा होईपर्यंत ही पट्टी रक्त चालू ठेवते, असं १७९४च्या पत्रातच स्पष्ट लिहिलंय. भुवयांच्या मधून वर चढणारी धमनी या कातडीला पोसते, हे शरीरशास्त्राच्या पुस्तकात नंतर आलं. पुण्याच्या वस्तऱ्याला ते आधीपासून ठाऊक होतं. नाकाच्या कर्करोगानंतर कपाळाच्या कातडीने नाक घडवणारे सर्जन आजही देठ साधारण तीन आठवड्यांनी कापतात. पंचविसावा दिवस काही फार लांब नव्हता.

युरोपकडेही एक जुनी पद्धत होती. बोलोन्याच्या ताल्याकोत्सीने १५९७ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. दंडाची कातडी देठासकट उचलून नाकाला जोडायची आणि ती जुळेपर्यंत हात डोक्याशी बांधून ठेवायचा. आठवडेच्या आठवडे माणूस हात वर करून जखडलेला. ही पद्धत लयाला गेली यात नवल नाही. पुण्याची कातडी शेजारून येत होती, हात मोकळे राहत होते.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने हा मजकूर वाचला, वर्षानुवर्षं मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्याचं पुस्तक आलं. १८१८ साली बर्लिनच्या फोन ग्रेफने आपला ग्रंथ छापला. तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत कपाळाच्या या कातडीला हिंदुस्थानी पद्धत म्हणतात. इकडे मुंबई इलाख्यातच, काठेवाडात जुनागढला डॉ. त्रिभोवनदास मोतीचंद शहा यांनी १८८९मध्ये शंभर रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काठेवाडात तेव्हा दरोडेखोर नाकं कापत होते. कामाचा तुटवडा नव्हता.

आता अभिमानाच्या भाषणांविषयी. कावसजीचं नाक म्हणजे थेट सुश्रुताची पद्धत, असं सर्रास सांगितलं जातं. सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन कातडी आणायची आहे ती गालावरून, कपाळावरून नव्हे. गालावरून कपाळावर ही उडी कुणी आणि कधी मारली, हे ग्रंथांत नाही. ती कुटुंबांत, हातांत आणि बहुधा तोंडी चालत आली. पुण्याच्या कुंभाराला सुश्रुताच्या पदराला बांधून टाकलं, तर त्याचं स्वतःचं श्रेय पुन्हा एकदा दुसऱ्याच्या खात्यावर जातं. हे बरं नव्हे.

नाकाच्या बाहेरून आता आत यायचं.

दुमजली घरात वरच्या मजल्याची जमीन हेच खालच्या मजल्याचं छत असतं. कवटीचंही तसंच आहे. मेंदूचा पुढचा भाग ज्या हाडावर टेकलेला असतो, तेच नाकाचं छत. मधोमध ते हाड चाळणीसारखं छिद्रांचं असतं, कारण वासाचे तंतू त्यातून खाली उतरतात. वर मेंदू, त्याभोवतीचं पाणी आणि चिवट आवरण. ते पाणी मोठ्या माणसात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतं आणि शरीर रोज त्याच्या तिपटीहून जास्त नव्याने तयार करतं. खाली नाक, जिथे जंतूंची रोजची वर्दळ. दोहोंमध्ये काही ठिकाणी कागदाइतकं पातळ हाड.

इथे गाठ वाढली, वासाच्या तंतूंची असो, मेंदूच्या आवरणाची असो, की नाकाच्या पोकळीत सुरू होऊन वर चढलेला कर्करोग असो, ती काढणं हे निम्मंच काम. लाकूडकाम करणाऱ्यांना अशा कर्करोगाचा धोका जास्त असतो, हे १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात लक्षात आलं. तिथल्या सुतारांच्या नाकात वर्षानुवर्षं गेलेला भुसा कारण ठरला. गाठ काढल्यावर हाड आणि आवरण यांत भोक राहतं. मेंदूचं पाणी नाकातून गळू लागतं आणि नाकातले जंतू उलट वाटेने वर चढतात. मग मेंदूज्वर. जुन्या काळी अशा गाठी हात न लावता सोडून देत, त्याचं खरं कारण हेच. कापण्याचं धाडस होतं. बंद करण्याची युक्ती नव्हती.

बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने १९२६ साली कवटी वरून उघडून, मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट पडद्याचा तुकडा लावून असं भोक बंद केल्याचं लिहिलं. लहान भोकासाठी हे चालतं. मोठ्यासाठी हा पडदा म्हणजे देठाविना कापलेली कातडीच. रक्त नसलेला, शेजाऱ्यांच्या दयेवर जगणारा तुकडा. १९६३ साली अमेरिकेत केचम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरून कवटी आणि खालून चेहरा असा दोन्हीकडून उघडून नाकाचं छत गाठीसकट काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी ग्लासगोच्या इयन मॅकग्रेगरने तोंडाचा कर्करोग काढल्यावर पडणारी पोकळी कपाळाच्या कातडीने भरण्याचं वर्णन छापलं. एकाने गाठीपर्यंतची वाट मोठी केली आणि दुसऱ्याने कपाळाची कातडी चेहऱ्याच्या आत नेली. दोघांची गाठ पडायला मात्र वेळ लागला.

मधल्या वर्षांत पुण्याजवळच नाकाचा आणखी एक अध्याय लिहिला गेला. डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या तालमीत तयार होऊन आले आणि त्यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम सुरू केलं. कुष्ठरोगात नाक बसतं, पण बाहेरची कातडी बहुधा शाबूत असते. जातं ते आतलं अस्तर आणि मधला पडदा. कावसजीचं बाहेरचं नाक गेलं होतं, या रोग्यांचं आतलं. अंतियांनी आतून अस्तर घालून नाकं पुन्हा उभी केली. नाकाचं आतलं अस्तर ही किती मोलाची चीज आहे, हे जगाला पुढे वेगळ्याच कारणाने कळणार होतं. प्लास्टिक सर्जरीचा देशातला पहिला स्वतंत्र विभागही महाराष्ट्रातलाच. १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी तो नागपूरच्या मेडिकल कॉलेजात उभा केला.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. हाकेच्या अंतरावर केईएम, ते १९२६पासूनचं. तंबाखूच्या या देशात टाटामध्ये तोंडाच्या कर्करोगाची रांग कधी संपली नाही, आणि जबडा-गाल काढल्यावर पोकळी भरण्यासाठी देठाच्या कातडीचा आणि स्नायूंचा तिथे रोजचा सराव झाला. केईएममध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग डॉ. होमी दस्तूर यांच्यापासून नावारूपाला आला. त्याच विभागातल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९५ साली सहकारी डॉ. गहाणकरी यांच्यासह एक पद्धत प्रसिद्ध केली. डोक्याच्या कातडीखालचा पडदा, कवटीच्या हाडावरचा पातळ पडदा आणि कानशिलाचा स्नायू हे तिन्ही एकत्र, रक्तवाहिनीसकट उचलून कवटीच्या तळाखाली पसरायचे. मुद्दा तोच, पुण्याचा: देठ तोडू नका.

कवटीच्या हाडावरच्या या पातळ पडद्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९८१ साली अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जॉन्स आणि सहकाऱ्यांनी तळाची मोठी भोकं बंद करायला तो वापरला. डोक्यावरची कातडी मागे ओढायची, पण हाडाला चिकटलेला हा पडदा पुढच्या बाजूने, भुवयांच्या वर, जोडलेलाच ठेवायचा. मग तो उलटा करून कपाळाच्या हाडाखालून आत सरकवायचा आणि मेंदूच्या खाली चादरीसारखा पसरायचा. त्याला पोसणाऱ्या धमन्या म्हणजे भुवईच्या वरची आणि भुवयांच्या मधली. कावसजीच्या कातडीचा देठ याच भुवयांच्या मधे होता. फरक इतकाच, की पुण्याचा देठ पंचविसाव्या दिवशी कापायचा होता; हा कधीच कापत नाहीत. जन्मभर तिथेच राहतो. २००९मध्ये झॅनेशन आणि पिट्सबर्गच्या सर्जनांनी तर कवटी न उघडता, लहान चिरांतून हा पडदा सोडवून, नाकाच्या मुळाशी हाडाला खिडकी पाडून, त्यातून नाकात उतरवून दाखवला. कपाळ ते नाक, भुवयांच्या मधून. रस्ता नकाशावर जवळपास तोच.

दरम्यान नाकावाटे जायची पायवाट राजमार्ग झाली होती. हॉपकिन्सच्या काचेच्या दांड्यांची दुर्बीण, ग्राझच्या मेसरक्लिंगरचं नाकाच्या आतल्या वाटांचं निरीक्षण आणि पुढे पिट्युटरीच्या गाठी दुर्बिणीने काढण्याची सुरुवात, या साऱ्यामुळे कान-नाक-घशाचा सर्जन आणि मेंदूचा सर्जन एकाच नाकपुडीशी येऊन उभे राहिले. एकाच रोग्यावर दोघांचे चार हात, हे आता नेहमीचं दृश्य आहे. चेहऱ्यावर चीर नाही, केस कापायचे नाहीत. पण जितकी वाट सोपी झाली, तितकी गाठी काढायची हिंमत वाढली, आणि भोकंही मोठी होत गेली. मांडीचा पडदा, पोटाची चरबी, डिंकासारखे चिकट द्रव, फुगवलेला फुगा असं सगळं लावून पाहिलं. मोठ्या भोकांतून गळती होतच राहिली.

तोडगा निघाला अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात. गुस्तावो हदाद आणि लुईस बासागास्तेगी या दोघा सर्जनांनी नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर उचललं, पण मागच्या बाजूला, जिथून त्याची धमनी शिरते, तिथे देठ राखला. अस्तर फिरवून वर नाकाच्या छताला लावलं. २००६मध्ये पिट्सबर्गच्या कराऊ, कासम आणि स्नायडरमन यांच्यासह त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि काही वर्षांत जगभर हीच पहिली पसंती झाली. नंतर ३८ अभ्यासांतले ६०९ रोगी एकत्र करून पाहण्यात आले. आवरणाचं मोठं भोक मोकळ्या तुकड्याने बंद केलं, तर १५.६ टक्के रोग्यांत पाणी पुन्हा गळलं. देठ राखलेल्या अस्तराने, तर ६.७ टक्के रोग्यांत. हा निम्म्याहून मोठा फरक गोंदाचा नाही, धाग्याचा नाही. देठाचा आहे.

सगळी गणितं मात्र एवढी सुखाची नाहीत. वरून आणि खालून दोन्हीकडून उघडण्याच्या जुन्या पद्धतीच्या १,१९३ कर्करोग्यांची नोंद १७ संस्थांनी मिळून केली. त्यात ४.७ टक्के माणसं शस्त्रक्रियेनंतर दगावली आणि ३६ टक्क्यांहून अधिक रोग्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. कवटीचा तळ आजही भीतीची जागा आहे. दुर्बिणीने ती कमी केली, संपवली नाही. हदादचं अस्तरही प्रत्येकाला मिळत नाही. आधी पडद्याचं ऑपरेशन झालं असेल, किरणोपचार झाले असतील किंवा गाठच पडद्यात शिरली असेल, तर वरून कपाळाचा पडदा आणावा लागतो. पुन्हा भुवयांशी येणं.

मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर नाकातून मेंदूचं पाणी गळणाऱ्या २६७ रोग्यांचा अनुभव २००५ साली प्रसिद्ध केला. सगळ्यांवरची शस्त्रक्रिया दुर्बिणीने नाकावाटे केलेली. हा आकडा नुसता मोठा आहे म्हणून सांगायचा नाही. पूर्वी अशा रोग्यांना कवटी उघडण्याचीच भीती दाखवली जात असे, आणि त्या भीतीने माणसं गळणारं नाक पुसत वर्षं काढत.

मग २०२१ आलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी महाराष्ट्राने देशात सगळ्यात जास्त पाहिली. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेली माणसं, टाळू काळी पडलेली, डोळा सुजलेला, आणि ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी नातेवाईक गावोगाव धावत असलेले. ही बुरशी रक्तवाहिनीत शिरून ती बुजवते. त्यामुळे मांस काळं पडून मरतं. नाकाचा पडदा, त्याचं अस्तर, टाळू, वरचा जबडा, कधी डोळा आणि कवटीचा तळसुद्धा खरवडून काढावा लागला. एरवी भोक बंद करायला जे अस्तर हाताशी असतं, तेच इथे आधी गेलेलं. देठालाच बुरशी लागलेली. त्या वर्षी कान-नाक-घशाच्या आणि जबड्याच्या सर्जनांनी जे केलं, ते वर्तमानपत्रांत आकड्यांपुरतं आलं. अनेकांची पुनर्बांधणी नंतर, टप्प्याटप्प्याने करावी लागली. या कामाचा इतिहास कुणीतरी नीट लिहून ठेवला पाहिजे, नाहीतर त्यातली नावंही कुंभाराच्या वाटेने जातील.

हे उपचार मोठ्या शहरांबाहेरच्या माणसापर्यंत कितपत पोहोचतात, ते पाहायला नागापूरचं उदाहरण घेऊ. अहिल्यानगर शहराच्या उत्तरेचं, सीनेच्या काठचं हे गाव. आता ओळख एमआयडीसीची. मनमाड रस्त्याने पुढे विळद घाटाकडे गेलं की डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचं मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय लागतं. त्याच जिल्ह्यात लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४पासून आहे. म्हणजे कान-नाक-घशाचा डॉक्टर, दुर्बीण आणि सीटी स्कॅन यासाठी आता जिल्हा ओलांडावा लागत नाही. कवटीच्या तळाची मोठी शस्त्रक्रिया म्हटली की नगरकर पुण्या-मुंबईची वाट धरतो, तो भाग वेगळा. पण पुण्याला पोहोचायच्या आधीची अडचण मोठी आहे. नाकातून पाणी येतं त्याला आपण सर्दी म्हणतो. एमआयडीसीत धूळ, उन्हाळ्यात वारा, थंडीत पहाटपाळी, त्यामुळे नाक गळण्याला कारण कुणीही विचारत नाही. मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि कामावर जायचं.

ही सवय फक्त एका बाबतीत सोडा. पाणी एकाच नाकपुडीतून येत असेल, पाण्यासारखंच स्वच्छ असेल, खाली वाकल्यावर थेंब थेंब पडत असेल, घशात खारट लागत असेल, तर ते सर्दीचं नसण्याची शक्यता आहे. अशा पाण्याने भिजलेला रुमाल वाळल्यावर शेंबडासारखा कडक होत नाही. हा जुन्या डॉक्टरांचा ठोकताळा, पण निदान त्यावर करू नये. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागल्यावर असं पाणी सुरू झालं, तर त्याच दिवशी, आणि आधी नाकाचं-मेंदूचं ऑपरेशन झालेलं असताना सुरू झालं, तर त्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि हे मेंदूचं पाणी आहे का, असं सरळ विचारा. ते पाणी तपासून ठरवता येतं. नाक बऱ्याच दिवसांपासून एकाच बाजूने बंद आहे, अधूनमधून रक्त येतं, वास येईनासा झालाय, एक डोळा पुढे आलाय, एका बाजूचं दिसणं कमी झालंय, तरीही तेच. सुतारकाम करणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं हे त्याला जोडून आलं, तर आठवड्याचीही वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.